घरी केलेल्या मोटारीची परीक्षा

दिवाळीच्या दिवसांत ‘घरी केलेले’ ह्या दोन शब्दांना जी किंमत येते, ती वर्षाच्या इतर दिवसांत येत नाही. चकली घरची आहे की दुकानातली, हे पाहुण्याला ती मोडण्याच्या आधीच सांगितले जाते. आकाशकंदील घरी केलेला असेल तर तो थोडा वाकडा लटकला तरी कौतुकानेच पाहायचा असतो. आणि अंगणातल्या किल्ल्याचा बुरूज शिवाजीमहाराजांच्या काळी असाच होता काय, असे विचारणारा अरसिक मनुष्य निदान आमच्या आळीत तरी राहत नाही. घरी केलेल्या वस्तूची परीक्षा घ्यायची नाही, असा आपल्याकडे एक अलिखित कायदाच आहे.

पण घरी केलेली वस्तू मोटार असेल तर?

वाचकहो, हा प्रश्न मी निव्वळ गंमत म्हणून विचारत नाही. इंग्लंडात राहणाऱ्या माझ्या भाच्याने चार वर्षे खपून आपल्या गॅरेजात मोटार बांधली. विकत घेतली नव्हे, दुरुस्त केली नव्हे, बांधली. तिची सरकारी परीक्षा झाली, पहिल्या खेपेस ती नापास झाली, दुसऱ्या खेपेस पास झाली आणि तिला रीतसर नंबर मिळाला. ही हकीगत त्याने मला फोनवरून हप्त्याहप्त्याने ऐकवली. मी कॉलेजात मराठी शिकवणारा मनुष्य. मोटारीशी माझा संबंध तिला वाट करून देण्यापुरता. परंतु परीक्षा हा विषय मात्र माझ्या धंद्यातला आहे. गेली वीस वर्षे मी उत्तरपत्रिका तपासत आलो आहे, तेव्हा ह्या आगळ्या परीक्षेबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मी आपल्याकडे घेतो.

आधी मोटार घरी होते कशी, ते सांगायला हवे. चकलीची भाजणी जशी तयार मिळते, तसाच हा प्रकार. लोखंडी सांगाडा, वरचे पत्रे, चाकांचे दांडे असा संच एखादी कंपनी खोक्यांत भरून घरपोच करते. ह्या संचाला ‘किट’ म्हणतात. इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांसाठी एक जुनी मोटार विकत घ्यायची आणि ती उकलायची. अशा मोटारीला तिकडे ‘डोनर’, म्हणजे दाता, म्हणतात. माझ्या भाच्याच्या गाडीला एका म्हाताऱ्या माझ्दा एमएक्स-५ ने मरणोत्तर अवयवदान केलेले आहे.

हा छंद तिकडे जुना आहे. कॉलिन चॅपमन ह्यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ नावाची एक हलकी, उघडी, दोन माणसांची गाडी काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर भारी खरेदीकर होता; सुट्या भागांत विकलेल्या मोटारीला तो लागत नसे. मग गाडी सुट्या भागांत विकली जाऊ लागली. मात्र कराची सूट हवी तर जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत, असा दंडक होता. त्यावर कंपनीने काढलेला तोडगा मोटारवेड्या मंडळींत अजून चवीने सांगतात: गाडी सुटी कशी करावी ह्याच्या सूचना द्यायच्या आणि गिऱ्हाइकाने त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचायच्या! १९७३ साली तो कर गेला. त्याच वर्षी ह्या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तिचा वंश आजही चालू आहे. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन ह्यांनी अवघ्या अडीचशे पौंडांत स्पोर्ट्स कार कशी बांधावी ह्यावर एक पुस्तकच लिहिले, आणि सांगाडासुद्धा घरीच जोडणाऱ्यांची एक नवी पिढी तयार झाली.

गाडी झाली. पण ती रस्त्यावर आणायची तर १९९८ सालापासून तिकडे एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. २००९ साली ह्या तपासणीला नवे रूप मिळाले. तिचे लांबलचक नाव ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल’. तोंडी नाव ‘आयव्हीए’. कारखान्यातून एका नमुन्याच्या लाख गाड्या निघत असतील तर नमुना तपासला की भागते. इथे नमुनाही एकच आणि गाडीही एकच. म्हणून परीक्षक त्या एका गाडीपुढे जवळजवळ अर्धा दिवस घालवतो.

ह्या परीक्षेची पहिली मौज अशी की, तिची प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते, आणि ती खुद्द सरकारनेच फोडलेली असते. काय काय पाहिले जाईल, कोणत्या मापाने पाहिले जाईल, ह्याची शेकडो पानांची पुस्तिका कोणालाही वाचायला खुली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून हेवा वाटेल. पण त्यांनी हेही ऐकावे, की प्रश्नपत्रिका हातात असूनही पहिल्या खेपेला नापास होणारे पुष्कळ असतात.

दुसरी मौज प्रवासाची. ज्या गाडीला नंबर नाही ती रस्त्यावर आणायची नाही. आणि रस्त्यावर आणल्याशिवाय ती तपासणीला पोहोचणार कशी? ह्यावर कायद्याने वाट काढली आहे. विमा उतरवलेला असेल आणि तपासणीची वेळ आधी ठरवलेली असेल, तर तेवढ्यापुरती ती बिननंबरी गाडी चालवत नेता येते. भाच्याने मात्र धीर न झाल्यामुळे ती ट्रेलरवर बांधून नेली. चार वर्षांचे बाळ पहिल्या दिवशी शाळेला कडेवर बसूनच जाते, त्यातला हा प्रकार.

आता परीक्षेत विचारतात काय? गाडी दिसते कशी, पळते किती, हे कोणी विचारत नाही. ब्रेक यंत्रावर तपासतात, ते नुसते लागतात की नाही एवढ्यासाठी नव्हे. जोरात ब्रेक दाबल्यावर मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडली तर गाडी गरकन फिरते, म्हणून तो क्रम पाहतात. पट्टे ज्या जागी सांगाड्याला बांधले आहेत ती जागा पाहतात. आवाज मोजतात, धूर मोजतात. वेगाचा काटा तपासतात, आणि इथे एक नियम मला फार आवडला. काटा खऱ्या वेगापेक्षा जास्त वेग दाखवीत असेल, तर ते ठरावीक मर्यादेपर्यंत चालते. पण खऱ्यापेक्षा कमी दाखवता कामा नये. म्हणजे फुशारकी थोडी माफ, लपवाछपवी मुळीच नाही.

आणि मग येतात कडा. गाडीच्या बाहेरच्या अंगाला शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा जिथे जिथे टेकू शकतो, तिथली प्रत्येक कड गोल हवी, आणि त्या गोलाईची त्रिज्या निदान अडीच मिलिमीटर हवी. पत्र्याची कड, आरशाचा दांडा, बोल्टचे डोके, काहीही असो. परीक्षक मोजपट्ट्या घेऊन गाडीभोवती फिरतो. अडीच मिलिमीटर म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून थोडे अधिक. एवढ्याशा गोलाईपायी चार वर्षांची मेहनत परत घरी जाऊ शकते.

भाच्याची गेली. परीक्षकाने तीन कारणे लेखी दिली. पहिले, पुढच्या चाकांजवळचे काही बोल्ट उघडे आणि धारदार. दुसरे, मागचा धुक्याचा दिवा ब्रेकच्या दिव्याला फार जवळ. दोघांत शंभर मिलिमीटरहून अधिक अंतर हवे, नाहीतर मागून येणाऱ्याला धुक्यात ब्रेकची खूण ओळखू येत नाही. तिसरे, वळण घेऊन स्टिअरिंग सोडले तर ते आपोआप सरळ होत नव्हते.

हे तिसरे कारण वाचकांना गूढ वाटेल, पण लहानपणी हात सोडून सायकल चालवलेल्या कोणालाही ते ठाऊक आहे. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो. त्यामुळे चाक जमिनीला टेकते ती जागा वळण्याच्या आसाच्या किंचित मागे पडते, आणि चालती सायकल चाकाला पुन्हा सरळ ओढून घेते. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच तिरकेपणा द्यावा लागतो. तो बेताचा पडला, त्यात गाडी वजनाने हलकी, की स्टिअरिंग जिथे सोडाल तिथेच आळशासारखे पडून राहते. चालवणाऱ्याला घेरी आली, हात सुटला, तर गाडी वळलेली ती वळलेलीच.

आमच्या भाषेत सांगायचे तर भाच्याला तीन विषयांत ‘एटीकेटी’ मिळाली. त्याने बोल्टांवर प्लॅस्टिकच्या टोप्या चढवल्या, दिवा सरकवला, चाकांचा तिरकेपणा पुन्हा पुन्हा मोजून बसवला आणि महिन्याभराने गाडी फेरतपासणीला नेली. पास झाली.

इथे एक छोटीशी गोष्ट घडली, ती मला सगळ्या हकीगतीत मोलाची वाटते. त्याच्या छंदाच्या मंडळींतला एकजण त्याला म्हणाला, की आता त्या टोप्या काढून टाक, फार बेंगरूळ दिसतात, सगळेच काढतात. परीक्षेपुरता अभ्यास ही काही केवळ आपली मिरास नाही, हे ऐकून मला थोडा दिलासा मिळाला. मी भाच्याला विचारले, “मग काढल्यास की काय?”

“नाही मामा,” तो म्हणाला. “आधी मला वाटायचं, गाडी माझी, बोल्ट माझे, लागलं तर मला लागेल. पण मी तर आत बसणार. बाहेरच्या बोल्टाला मी कधी लागणारच नाही. लागलं तर सायकलवरच्या पोराला लागेल.”

सारी परीक्षा ह्या एका वाक्यात आली. अडीच मिलिमीटरची ती गोलाई गाडीच्या मालकासाठी नाहीच. जो मनुष्य ह्या हौसेत कधी सामील झाला नाही, ज्याला गाडीचे नावही ठाऊक नाही, आणि जो केवळ रस्त्याच्या कडेने चालला होता, त्याच्या वतीने परीक्षक ती मोजतो. हौस घरची असते. रस्ता घरचा नसतो.

परीक्षा झाली की दुसरे दालन नोंदणीचे. तिथे लागतात कागद. किटची पावती, इंजिन कोठून आणले त्याची पावती, बांधताना काढलेली छायाचित्रे. वाणसामानाचे प्रत्येक बिल डब्यात जपून ठेवणाऱ्या आमच्या अक्काच्या पोटचा हा मुलगा. त्याची फाइल निर्दोष निघाली. ज्यांची निघत नाही, म्हणजे गाडीचे वय आणि कुळ ह्यांचा पुरावा पुरा पडत नाही, त्यांच्या नंबरच्या आरंभी ‘क्यू’ हे अक्षर घालतात. १९८३ सालापासूनची ही रीत आहे. ते अक्षर वाचले, की जाणकाराने समजावे, हिचे गोत्र ठाऊक नाही.

इथे मला महाभारतातला कर्ण आठवल्याशिवाय कसा राहील? शस्त्रविद्येच्या रंगणात तो उतरला तेव्हा कृपाचार्यांनी द्वंद्व होऊ देण्याआधी त्याचे कुळ विचारले, आणि त्याची मान खाली गेली. ‘क्यू’वाल्या गाडीलाही कौशल्य पाहून झाल्यावर कुळ विचारतातच. पण कुळ सांगता आले नाही तरी तिला रंगणाबाहेर काढत नाहीत. कपाळावर एक अक्षर लिहितात आणि म्हणतात, जा, चाल.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण ही हकीगत मी इंग्लंडच्या कौतुकासाठी लिहायला घेतलेली नाही.

भाच्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, ह्यांचे कोल्हापूर भागात लेथ आणि वेल्डिंगचे लहानसे वर्कशॉप होते. १९९० च्या सुमारास त्यांनी स्कूटरचे इंजिन घालून चार चाकांची, दोन माणसांची मोटार बांधली. मी तेव्हा शाळेत होतो आणि मळ्यातल्या वाटेवर तिच्यात बसून फिरलो आहे. दाजींची इच्छा एवढीच, की अक्काला शेजारी बसवून तिच्यातून जोतिबाला जावे. ते कागद घेऊन कचेरीत गेले. साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी अर्ज पुढे ठेवला. त्यात रकाना होता: गाडी बनवणाऱ्या कंपनीचे नाव. दाजींनी तिथे स्वतःचे नाव लिहिले. साहेब हसले, आणि असा अर्ज घेता येत नाही म्हणाले. चार खेपा झाल्या. गाडी पाहायला मात्र कोणी आले नाही. शेवटी ती गोठ्याशेजारच्या पडवीत उभी राहिली. इंजिन पुढे कडबाकुट्टीच्या यंत्राला लागले, आणि उरलेल्या सांगाड्यात बसून माझा भाचा लहानपणी तोंडाने इंजिनाचा आवाज काढीत रोज जोतिबाला जाऊन येत असे.

साहेबांचा दोष होता असे मी म्हणत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीवाचून गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, हे योग्यच आहे. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडीचा नमुना आधी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक असलेली ‘एआरएआय’, १९६६ साली स्थापन झालेली, ही त्यांतलीच एक नामवंत संस्था. पण ही सारी व्यवस्था कारखानदाराला डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली आहे. तपासणीचा खर्च त्याला हजारो गाड्यांवर वाटता येतो. पडवीतल्या एका गाडीवर तो कसा वाटायचा? कारखान्याच्या गाडीत मूळ नमुन्याहून वेगळा फेरफार करू नये, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. तेही सुरक्षेच्या दृष्टीने रास्त. मात्र एकट्यादुकट्या घरबांधणीच्या गाडीसाठी तिकडे आहे तसा स्वतंत्र, सोपा दरवाजा आपल्याकडे नाही.

आणि हात तर आपल्याकडे मुळीच कमी नाहीत. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी ह्यांनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात छोट्या मोटारीचा ध्यास घेतला आणि ‘मीरा’ नावाने तिचे नमुने बांधले; ती कारखान्यापर्यंत पोहोचली नाही. २०२१ च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या कारागिराने भंगारातून बांधलेल्या चारचाकीची चित्रफीत देशभर गाजली. ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होत असे. उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी तिचे जाहीर कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नसल्यामुळे अधिकारी तिला आज ना उद्या अडवतील, हेही स्पष्ट सांगितले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत ती त्या कुटुंबाला मिळाली. मोठ्या मनाने दिलेली ती भेट होती ह्यात शंका नाही. परंतु बक्षीस एकाला मिळते. दरवाजा सर्वांना मिळतो. आणि बक्षीस मिळाले तरी, ती गाडी रस्त्याच्या लायकीची होती की नाही, नसेल तर कोठे कमी पडली, हे तिच्या कर्त्याला कोणी तपासून सांगितले नाहीच.

तपासणी आपल्याला जमत नाही असेही नाही. २००७ सालापासून ‘बाहा’ नावाच्या स्पर्धेत देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरतात, आणि मैदानात शिरण्यापूर्वी त्या गाड्यांची कसून तपासणी होते. ती कुंपणाच्या आतली परीक्षा. तीच शिस्त, तेच डोळे कुंपणाबाहेरच्या एखाद्या वर्कशॉपवाल्याच्या वाट्याला यायला काय हरकत आहे? सूट नको, सवलत नको. शंभर मिलिमीटरचा गोळा आणा, अडीच मिलिमीटरची कड मोजा, दहापैकी नऊ गाड्या नापास करा. पण कारण लेखी द्या आणि दुरुस्त करून पुन्हा यायला सांगा.

कारण नापास होणे आणि परीक्षेला बसूच न देणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. नापासाचा कागद हातात आला की माणसाला आपले काम कोठे कमी पडले ते कळते, आणि आपले काम कोणीतरी काम म्हणून पाहिले हेही कळते. घरच्यांच्या कौतुकाने चकली गोड लागते. पण तेवढ्यावर हात सुधारत नाही. दाजींची गाडी नापास झाली नव्हती. तिची परीक्षाच झाली नव्हती.

भाच्याची गाडी पहिल्या खेपेस परत आली, तेव्हा त्याने भीतभीतच वडिलांना फोन केला. दाजींनी आता साठी ओलांडली आहे. लेथ विकून झाली, कान थोडे मंद झाले. त्यांनी तो कारणांचा कागद मुलाकडून मराठीत वाचून घेतला, एकदा नव्हे, दोनदा. बोल्टाच्या कडेपाशी आल्यावर त्याला थांबवून विचारले, “मोजली त्यांनी? प्रत्येक बोल्टाची?”

“हो बाबा. सगळ्या गाडीभोवती फिरून.”

“मग झालं तर,” दाजी म्हणाले. “टोप्या चढव आणि परत जा.”